अ‍ॅटनबरो: एका गावाचं आडनाव

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर पारितोषिकं जाहीर झाली, तेव्हा ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं नाव पुकारलं गेलं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच चित्रपटात कस्तुरबा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी आणि गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्येही चित्रीकरण झालं होतं. दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचं आडनाव मराठी घरांमध्ये रुळलं ते तेव्हापासून. त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड अ‍ॅटनबरो तर बीबीसीच्या निसर्गपटांतून आणखी दूरवर पोहोचले. या दोन भावांमुळे हे आडनाव जगभर इतकं परिचित झालं, की इंग्लंडात अ‍ॅटनबरो गल्लोगल्ली भेटत असतील असंच कुणालाही वाटावं.

प्रत्यक्षात ते दुर्मीळ आडनाव आहे. स्मिथ आडनावाची माणसं ब्रिटनमध्ये पाच लाखांहून जास्त आहेत. अ‍ॅटनबरो त्यांच्यापुढे मूठभर. पण या मूठभरांनीच आडनावं आणि रक्ताची नाती यांच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. एखादं आडनाव दुर्मीळ का असतं, ते एका माणसापासून सुरू झालं की अनेकांपासून, सातशे वर्षं ते टिकलं कसं, या प्रश्नांची उत्तरं शोधायला अ‍ॅटनबरोंइतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

सुरुवात गावापासून करायला हवी. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं छोटं गाव आहे. गावात सेंट मेरीचं जुनं चर्च आहे, रेल्वेचं एक स्थानक आहे आणि नदीलगत पाणथळ जागेचं मोठं अभयारण्य आहे. विसाव्या शतकात इथून वाळू आणि खडी उपसली गेली. त्या खाणींचे खड्डे पाण्यानं भरले, तिथे पक्षी येऊ लागले आणि १९६६ साली त्या तळ्यांचं अभयारण्य झालं. त्याचं उद्घाटन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्याच हस्ते झालं. गावाचं नाव जुन्या इंग्रजीतलं आहे. अ‍ॅडा किंवा त्यासारखंच नाव असलेल्या कुणा सॅक्सन माणसाची तटबंदीची वस्ती, असा त्याचा अर्थ लावला जातो. नॉर्मन लोक समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरले त्याच्याही आधीच्या जगातलं हे नाव आहे.

या गावात जन्मलेला इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध माणूस मात्र अ‍ॅटनबरो नव्हता. तो होता हेन्री आयर्टन. ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई, पार्लमेंटच्या सैन्यातला सेनानी आणि राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर सही करणाऱ्यांपैकी एक. १६११ साली त्याचा बाप्तिस्मा याच सेंट मेरीच्या चर्चमध्ये झाला. आयर्टन हे आडनाव आलं शेजारच्या डर्बीशर परगण्यातल्या आयर्टन नावाच्या गावावरून. म्हणजे अ‍ॅटनबरो गावातल्या प्रतिष्ठित घराण्याचं आडनाव दुसऱ्याच गावाचं, आणि अ‍ॅटनबरो आडनावाची माणसं मात्र दुसरीकडे.

मराठी माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. नाशिकमध्ये सगळेच नाशिकचे, तिथे कुणाला नाशिककर म्हणून वेगळं ओळखायचं कारण नसतं. नाशिक सोडून पैठणला किंवा इंदूरला जाऊन राहिलं, की लोक त्या घराला नाशिककर म्हणू लागतात. इंग्लंडातली गावांवरून पडलेली आडनावं अगदी याच रीतीनं पडली. अ‍ॅटनबरो हे आडनाव गाव सोडणाऱ्याला मिळालं. फरक आहे तो गावाच्या आकाराचा. मोठ्या शहरातून शेकडो लोक बाहेर पडतात आणि ठिकठिकाणी त्याच नावानं ओळखले जातात. ट्रेंटकाठच्या लहानशा खेड्यातून आडनावं पक्की होण्याच्या काळात बाहेर पडून पडून किती पडणार? एखाद-दुसरा, फार तर चार-पाच.

आडनावं पक्की होण्याचा हा काळ इंग्लंडात बराच लांबला. १०६६ नंतर आलेले नॉर्मन सरदार आपल्या मूळ गावांची नावं लावत. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीनपाहणीत अशी कितीतरी नावं आहेत. पण सामान्य शेतकऱ्याला, लोहाराला, गवंड्याला एकच नाव पुरत असे. पुढे जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशा थोड्या नावांचीच इतकी चलती झाली, की एका गावात दहा जॉन होऊ लागले. जमीनदाराच्या कारकुनाला कर कुणाकडून वसूल करायचा हे कळेना. मग कुणी जॉन लोहार, कुणी रिचर्डचा जॉन, कुणी बुटका जॉन, तर कुणी अमुक गावचा जॉन. धंदा, बाप, रंगरूप आणि ठिकाण या चारांतून बहुतेक इंग्रजी आडनावं निघाली. सुरुवातीला ती त्या माणसापुरतीच असत. लोहाराचा मुलगा खाटीक झाला तर त्याचं नाव बदले. साधारण १२०० ते १४०० या दोनशे वर्षांत ही नावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ साली सरकारनं डोईपट्टी वसूल केली. त्या याद्या आज आडनावांच्या अभ्यासकांना सोन्याच्या खाणीसारख्या वाटतात, कारण रुजत चाललेली आडनावं त्यांत अगदी माणसागणिक दिसतात.

याच काळात एक भयंकर गोष्ट घडली. १३४८ साली प्लेग इंग्लंडात आला आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ते जवळजवळ निम्मी माणसं गेली. नुकतीच धरू लागलेली असंख्य आडनावं त्यात पुसली गेली असणार. जी उरली त्यांपैकी कित्येक एकेका घराच्या आधारानं उरली. दुर्मीळ आडनावांचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

अ‍ॅटनबरो आडनावाबद्दल आणखी एक शक्यता तपासावी लागते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अमक्याजवळ राहणारा’ अशा अर्थाची आडनावं भरपूर होती. रानाजवळचा तो अ‍ॅटवुड, विहिरीजवळचा तो अ‍ॅटवेल. मग टेकडीजवळचा, राईजवळचा किंवा गढीजवळचा कुणी अ‍ॅटनबरो झाला नसेल कशावरून? उच्चार इतके जवळचे आहेत की नुसत्या व्याकरणानं निकाल लागत नाही. त्यात मध्ययुगातले कारकून कानाला जसं ऐकू येईल तसं लिहीत. याच आडनावाचं अ‍ॅटनबोरो असं रूप आजही काही घरं लावतात. पी. एच. रीनी यांचा ब्रिटिश आडनावांचा कोश १९५८ साली आला आणि २०१६ साली पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स आणि पीटर मॅक्ल्युअर यांनी संपादित केलेला ऑक्सफर्डचा चार खंडांचा कोश आला. या दोन कोशांच्या मधल्या काळात अभ्यासाची पद्धतच बदलली. पूर्वी शब्दाचे जुने उल्लेख शोधून व्युत्पत्ती ठरवत. आता त्याच्या जोडीला एक साधा प्रश्न आवर्जून विचारला जातो: हे आडनाव लावणारी माणसं राहतात कुठे?

हा प्रश्न पहिल्यांदा नेटानं विचारला तो एका निसर्गअभ्यासकानं. हेन्री ब्रोअम गप्पी हे नौदलातले शल्यविशारद होते. वनस्पतींच्या बिया समुद्रप्रवाहांवरून कशा पसरतात याचा त्यांनी पुढे आयुष्यभर अभ्यास केला. १८९० साली त्यांनी ग्रेट ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ घरं शोधणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी परगण्यांच्या व्यावसायिक निर्देशिका घेतल्या आणि त्यांतल्या फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. कारण उघड होतं: कारागीर कामाच्या शोधात शहर गाठतो, व्यापारी बाजारपेठेच्या मागे जातो, शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहतो. गप्पींची मोजणी आजच्या मानानं ढोबळ वाटेल, पण दिशा अचूक होती. दुर्मीळ आडनावं मूळ ठिकाणाभोवतीच घोटाळत राहतात हे त्यांच्या आकड्यांतून स्वच्छ दिसत होतं.

पुढे १८८१ च्या ब्रिटिश खानेसुमारीची संपूर्ण नावनिशी संगणकावर आली, तेव्हा गप्पींचं काम प्रत्येक आडनावासाठी करता येऊ लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं १८८१ ची खानेसुमारी आणि १९९८ ची मतदार यादी शेजारी शेजारी ठेवून आडनावांचे नकाशे काढले. कारखाने आले, रेल्वे आली, दोन महायुद्धं झाली, तरी हजारो आडनावांचं दाट ठिकाण सव्वाशे वर्षांत फारसं हललेलं नव्हतं. अ‍ॅटनबरो बंधूंच्या घराण्याचंही तसंच. त्यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड गावचा. फ्रेडरिक यांच्या वडिलांची तिथे बेकरी होती. स्टेपलफर्डपासून अ‍ॅटनबरो गाव चार-पाच किलोमीटरवर. आडनाव सहाशे-सातशे वर्षांचं झालं, त्याच्या आधारानं घराणी उभी राहिली आणि मोडली, आणि तरीही हे घर चालत तासाभरात मूळ गावी पोहोचेल इतक्याच अंतरावर राहिलं होतं.

सगळेच काही तिथे थांबले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये अ‍ॅटनबरो म्हटलं की लोकांना आठवे तारण ठेवून कर्ज देणारी पेढी. या आडनावाच्या माणसांनी शहरात ठिकठिकाणी अशी दुकानं थाटली होती. फ्लीट स्ट्रीटवर जॉर्ज अ‍ॅटनबरो अँड सन या पेढीची इमारत आजही उभी आहे. तिच्या कोपऱ्यात कवी बायरनच्या ‘लारा’ या काव्यातल्या कालेद या पात्राचा पुतळा आहे. आडनाव गावातून शहरात जातं ते अशा एखाद्या धंद्याच्या दोरीला धरून. एक भाऊ जम बसवतो, मग पुतण्याला बोलावून घेतो, मग पुतण्या स्वतःचं दुकान काढतो. नकाशावर ते लंडनचा एक वेगळा ठिपका म्हणून दिसतं, मुळाशी असतं एकच घर.

पण एकच घर, हे खात्रीनं कसं सांगायचं? जुन्या नोंदी चर्चच्या नोंदवह्यांपर्यंत नेतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. त्याच्या आधीची दोन-अडीचशे वर्षं बहुतेक सामान्य घरांच्या बाबतीत अंधारातच असतात. नेमकी तीच वर्षं आडनावाच्या जन्माची. तिथे कागद संपतो आणि रक्ताची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष निघाली लेस्टर शहरात, आणि यात एक विलक्षण योगायोग आहे. बेकरीवाल्याचा मुलगा फ्रेडरिक अ‍ॅटनबरो शिकून केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचा फेलो झाला. त्याचा विषय होता अँग्लो-सॅक्सन काळ. इंग्लंडच्या आद्य राजांचे कायदे त्यानं १९२२ साली संपादित करून छापले. म्हणजे ज्या भाषेतून त्याच्या आडनावाचं गाव जन्मलं, त्याच भाषेचा तो पंडित. १९३२ साली तो लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १९५१ पर्यंत राहिला. रिचर्ड आणि डेव्हिड वाढले ते या कॉलेजच्या आवारात. १९५७ साली कॉलेजचं विद्यापीठ झालं. त्याच विद्यापीठात १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीझ यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली, आणि तिथल्याच जनुकशास्त्र विभागात मार्क जॉबलिंग आणि ट्युरी किंग यांनी आडनावांचा अभ्यास उभा केला.

अभ्यासाचं तत्त्व सोपं आहे. वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं आणि ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्लंडात आडनावही बापाकडून मुलाकडे जातं. दोन्ही एकाच वाटेनं चालत असतील तर एका आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं सारखी निघायला हवीत. या गुणसूत्रावर काही ठिकाणी अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुणाच्यात तो १३ वेळा, कुणाच्यात १४ वेळा. पिढ्या उलटताना क्वचित एखाद्या ठिकाणी हा आकडा एकानं वाढतो किंवा घटतो. किंग आणि जॉबलिंग यांनी अशी १७ ठिकाणं मोजली. दोन पुरुषांचे सतराच्या सतरा आकडे जुळले, किंवा एखादाच इकडेतिकडे झाला, तर त्यांचा समाईक पूर्वज फार दूरचा नसतो.

हे काम सुरू करणारे ते पहिले नव्हते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावापासून सुरुवात केली होती. साइक्स म्हणजे ओढ्याकाठचा. असे ओढे गावोगावी, त्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार असंच सारे धरून चालले होते. त्यांनी तपासलेल्या ४८ साइक्स पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकच निघालं. ओढे अनेक होते, पण आजच्या साइक्सांचा मोठा भाग एका पुरुषाच्या वंशातला दिसत होता.

लेस्टरच्या गटानं २००६ साली १५० आडनावं घेऊन प्रत्येकातून एकमेकांशी ज्ञात नातं नसलेल्या दोन-दोन पुरुषांची तुलना केली. जवळपास चौथ्या हिश्शाच्या जोड्यांत आडनावाच्या वाटेनं आलेलं नातं दिसलं. त्यातही दुर्मीळ आडनावांत हे प्रमाण निम्म्याजवळ गेलं. मग २००९ साली ४० आडनावं आणि १,६७८ पुरुष असा मोठा अभ्यास छापून आला. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत आपसात नातं म्हणावं असं काहीच नव्हतं. रस्त्यावरून कुणीही दोन इंग्रज उचलावेत तसंच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि प्रत्येक गावाला लोहार होता, तेव्हा हे अपेक्षितच. आणि अ‍ॅटनबरो? शंभरातले ८७ पुरुष एकाच वंशवेलीवर बसत होते. आकड्यांतल्या फरकांवरून काढलेलं वंशवेलींचं वयही साधारण सातशे वर्षांच्या आसपास येत होतं, म्हणजे आडनावं पक्की होण्याच्याच काळात.

इथे कुणालाही वाटेल की निकाल लागला. टेकडीजवळचे आणि राईजवळचे बाद. अ‍ॅटनबरो गावातून बाहेर पडलेला एक माणूस, त्याची मुलं, नातवंडं, आणि आजचे सारे अ‍ॅटनबरो. वर्तमानपत्रांना अशीच गोष्ट आवडते. पण ८७ टक्क्यांचा हा आकडा तेवढंच सांगत नाही, आणि या साऱ्या विषयातली खरी गंमत मला तिथेच वाटते.

१८७३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये वाचकांपुढे एक गणित टाकलं होतं. सरदार घराण्यांची आडनावं नामशेष होताना दिसत होती. वैभवानं वंश खुंटतो की काय अशी चर्चा होती. गाल्टन म्हणाले, आधी हे तपासू की निव्वळ योगायोगानं किती आडनावं नाहीशी होतील. धर्मोपदेशक आणि गणिती असलेल्या हेन्री विल्यम वॉटसन यांनी ते सोडवायला घेतलं आणि १८७४ साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. वॉटसन यांच्या शेवटच्या पायरीत चूक होती. सगळीच आडनावं कधी ना कधी नष्ट होणार असं उत्तर त्यांनी काढलं, ते पुढे दुरुस्त झालं. फ्रान्सचे बिएनेमे यांनी तर १८४५ सालीच योग्य उत्तराची दिशा दाखवली होती. पण पद्धत टिकली आणि आज अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेपासून साथीच्या रोगांपर्यंत सगळीकडे वापरली जाते.

हे गणित हातानंही करून पाहता येतं. समजा, एका आडनावाचे शंभर मूळपुरुष आहेत. प्रत्येकाला मोठे होऊन संसार थाटतील असे मुलगे किती, याची शक्यता अशी धरू: चौघांतल्या एकाला एकही नाही, दोघांना एकेक, एकाला दोन. सरासरी एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही आणि घटतही नाही. पहिल्याच पिढीत २५ वंश संपले. दुसऱ्या पिढीअखेर ६१ उरले. तिसऱ्या पिढीत निम्म्याच्या जरा वर. पाचव्या पिढीत ४०, आणि दहाव्या पिढीत अवघे २६. कुणी दुष्काळात मेलं नाही, कुणी लढाईत पडलं नाही, तरी दहा पिढ्यांत तीन-चतुर्थांश वंश आपोआप गळाले. आणि एकूण माणसं तेवढीच राहिली, म्हणजे उरलेले वंश तेवढे फोफावले. आता या गणितात १३४८ चा प्लेग घाला.

याचा अर्थ सरळ आहे. समजा १३०० साली अ‍ॅटनबरो म्हणवणारे पाच वेगवेगळे पुरुष होते: दोघे त्या गावातून आलेले, एक टेकडीजवळचा, एक राईजवळचा, एक कुठल्याशा गढीजवळचा. त्यांतल्या चौघांचे वंश खुंटले आणि एकाचा वाढला, तरी आजचे सारे अ‍ॅटनबरो तपासल्यावर उत्तर तेच येईल: एक वंश. आडनाव एकापासून सुरू झालं की पाचांपासून, हे आजच्या रक्तावरून ठरत नाही. ठरतं एवढंच की टिकलं कोण. जॉबलिंग आणि किंग यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच मूळपुरुषांच्या जोडीला योगायोगाच्या या गळतीचा उल्लेख केला, तो त्याचसाठी. नॉटिंगहॅमजवळ गाव असणं आणि त्याच टापूत हे आडनाव दाट असणं, यावरून उरलेला तो एक पुरुष गावातूनच निघालेला असावा असं म्हणायला भक्कम आधार आहे. पण तो एकटाच होता, असं म्हणता येत नाही.

उलट बाजूचं उदाहरण यॉर्कशरमध्ये आहे. हेप्टनस्टॉल नावाच्या डोंगराळ गावाजवळच्या एका ठिकाणावरून ग्रीनवुड हे आडनाव पडलं. सुरुवात अ‍ॅटनबरोंसारखीच, एका वस्तीपासून. पण जॉर्ज रेडमंड्स यांनी यॉर्कशरच्या आडनावांचा कित्येक दशकं कागदोपत्री माग काढला, त्यात दिसलं की त्या खोऱ्यातली काही घराणी लोकरीच्या धंद्याच्या आसऱ्यानं भरभरून वाढली. आज ग्रीनवुड हजारोंनी आहेत. दोन्ही आडनावांच्या मुळाशी असलेल्या माणसांत कर्तबगारीचा फरक होता असं समजायचं काहीच कारण नाही. एकाला सुरुवातीच्या तीन-चार पिढ्यांत मुलगे जास्त झाले, इतकंच.

लहान वंशात योगायोग काय करू शकतो याचं सर्वांत थक्क करणारं उदाहरणही याच गटाला सापडलं. यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या पुरुषाच्या वाय गुणसूत्राची शाखा पश्चिम आफ्रिकेतली निघाली. इंग्लंडात ती त्याआधी कुणात आढळलेली नव्हती. संशोधकांनी त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले, त्यांतल्या सात जणांत तीच शाखा होती. त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरमध्येच राहणाऱ्या दोन पूर्वजांपर्यंत गेल्या. २००७ साली हा निबंध छापला तेव्हा आडनाव जाहीर केलं नव्हतं. ते सातही जण दिसायला चारचौघा इंग्रजांसारखे, आणि पूर्वज आफ्रिकेतला आहे याची कुणाला गंधवार्ता नव्हती. रोमन काळात हेड्रियनच्या भिंतीवर आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांची तुकडी होती, आणि सोळाव्या शतकापासून आफ्रिकी माणसं इंग्लंडात राहत होतीच. त्यांपैकी कुणाचा तरी वंश एका छोट्या आडनावाच्या आडोशाला टिकून राहिला. स्मिथांच्या गर्दीत तो शोधूनही सापडला नसता.

आता उरलेले १३ टक्के अ‍ॅटनबरो. त्यांची वाय गुणसूत्रं मुख्य वेलीशी जुळत नाहीत. ऐकणारा लगेच डोळे मिचकावतो. पण कारणं अनेक असतात: लग्नाशिवाय झालेल्या मुलाला आईचं आडनाव मिळणं, विधवेच्या मुलांनी सावत्र बापाचं आडनाव लावणं, दत्तक जाणं, वारशाच्या अटीपोटी आडनाव बदलणं. इंग्लंडात आडनाव बदलायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. हे सारं धरून लेस्टरच्या गटानं तुटीचा दर काढला तो पिढीला १ ते ४.५ टक्के. दहातलं एक मूल भलत्याचंच असतं अशी जी लोकसमजूत पसरली आहे तिला या आकड्यांत काही आधार नाही. सातशे वर्षांत पुरुषांच्या साधारण वीस पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत १ टक्का धागा तुटला तरी विसाव्या पिढीत शंभरातले ८२ च मूळ वेलीवर उरतील. अ‍ॅटनबरोंचे ८७ उरले आहेत. त्या असंख्य अनाम संसारांबद्दल हा आकडा जे सांगतो ते कुठल्याही नोंदवहीत लिहिलेलं नाही.

राजघराण्याला हे साधलं नाही. २०१२ साली लेस्टरच्याच एका वाहनतळाखाली राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा मिळाला आणि त्याची जनुकीय तपासणी ट्युरी किंग यांच्याकडे आली. आईकडून येणारा डीएनए रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. वाय गुणसूत्रासाठी बोफर्टच्या पाचव्या ड्यूकचे पुरुषवंशज शोधले. कागदोपत्री ते आणि रिचर्ड, दोघेही राजा तिसऱ्या एडवर्डच्या वंशातले. गुणसूत्र जुळलं नाही. रिचर्ड आणि तो ड्यूक यांच्यामध्ये १९ दुवे होते, त्यांत कुठेतरी एक तरी तुटलेला होता. वर तपासलेल्या पाच वंशजांपैकी एकाचं गुणसूत्र उरलेल्या चौघांशीही जुळेना. सिंहासनासाठी लढाया झालेल्या वंशात जे अखंड राहिलं नाही, ते ट्रेंटकाठच्या शेतकऱ्या-बेकरीवाल्यांनी बऱ्यापैकी राखलं.

फ्रेडरिक अ‍ॅटनबरो यांच्या घरात १९३९ साली बर्लिनहून दोन ज्यू मुली आल्या, आयरीन आणि हेल्गा बेयाख. नाझींच्या तावडीतून सुटून आलेल्या हजारो मुलांपैकी त्या दोघी. युद्ध सुरू झालं आणि पुढचा प्रवास थांबला. त्या युद्ध संपेपर्यंत या घराच्या मुलीच होऊन राहिल्या. आडनाव त्यांनी स्वतःचंच ठेवलं. रिचर्ड आणि डेव्हिड त्यांना आयुष्यभर बहिणी मानत आले. वाय गुणसूत्राच्या तक्त्यात या नात्याला जागा नाही, मुलींना तर नाहीच. आडनावांचा हा सगळा अभ्यास घराण्याचा एकच धागा पाहतो, हे वाचकानं लक्षात ठेवलेलं बरं. वीस पिढ्या मागे प्रत्येकाला कागदावर दहा लाखांहून जास्त पूर्वज असतात. आडनाव त्यांतल्या एकाचं.

अ‍ॅटनबरो हे नाव आता मुलग्यांवर अवलंबून राहिलेलं नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका सागरी सरीसृपाच्या जीवाश्माला १९९३ साली अ‍ॅटनबरोसॉरस हे नाव मिळालं. फिलिपिन्सच्या पलावान बेटावरची एक मोठी कीटकभक्षी वनस्पती डेव्हिड यांच्या नावानं ओळखली जाते. न्यू गिनीच्या सायक्लोप्स डोंगरांत राहणारा, अंडी घालणारा, काटेरी अंगाचा एक सस्तन प्राणीही त्यांच्याच नावाचा आहे. १९६१ साली मिळालेल्या एकाच नमुन्यावरून तो विज्ञानाला माहीत होता. २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिथे झाडांना कॅमेरे बांधले आणि मोहिमेच्या शेवटच्या दिवशी काढलेल्या चित्रांत तो चालताना दिसला.